नसलेला चौक

ताई, तुझ्या अंत्यविधीच्या वेळी चॅपलमध्ये मला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि मी तुझ्या विरजणावर बोललो.

हॅनोव्हरमध्ये नवीन आलेल्या प्रत्येक मराठी घराला पहिल्या आठवड्यात तुझ्याकडून जॅमच्या बाटलीत विरजण यायचं, त्यावर. लोक हसले, मग डोळे पुसले. डीटरभावोजी पहिल्या रांगेत ताठ बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. मराठी त्यांना येत नाही, पण 'विरजण' कळतं. नंतर कॉफीच्या वेळी मराठी मंडळातल्या दोघीतिघी जवळ आल्या. एकजण म्हणाली, "छान बोललात हो. बाई कामात जरा वेंधळी होती म्हणतात, पण मनाने अगदी सोनं."

वेंधळी. माझ्या तोंडात केकचा घास होता. मी मान हलवली.

ती मान हलवणं मला घरी आल्यावरही सोडेना. आता मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार ओळी मागितल्या आहेत. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी वगैरे दुसरं कुणी लिहील. ज्या लोकांत तो शब्द इतकी वर्षं फिरला, त्याच लोकांच्या हातात हा अंक पडणार आहे, म्हणून मला जे सांगायचंय ते इथेच सांगतो. तुला नवीन काहीच नाही त्यात. तुला सगळं माहीत होतं.

मी इथे आलो तेव्हा तुला येऊन वीस वर्षं झाली होती. तू कराडची, मी सांगलीचा. एवढ्यावरच तू मला भाऊ करून टाकलंस. संस्थेत पहिल्या दिवशी कॉरिडॉरमध्ये भेटलीस, हातात जाड फाइल, पायात बर्फातले बूट, आणि विचारलंस, "जेवणाचं काय करतोयस?" मी म्हटलं, ब्रेड खातोय. "ब्रेड काय खातोस, रस्त्यावर आलायस का?" त्याच संध्याकाळी मी लिस्ट भागातल्या तुझ्या घरी होतो. तू आतून हाक मारलीस, "अहो, ताटं घ्या," आणि सहा फुटांचा एक जर्मन माणूस ताटं घेऊन बाहेर आला. तुमच्या शेजारणीला कित्येक वर्षं वाटत होतं की त्यांचं टोपणनाव 'आहो' आहे. ती जिन्यात त्यांना तशीच हाक मारायची आणि ते निमूट 'ओ' द्यायचे.

आपलं काम असं होतं, की एक शहर कसं वाढतं ते त्याच्या रस्त्यांवरून पाहायचं. शहर ब्राझीलमधलं, ना फार मोठं ना लहान, लाल मातीचं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. आपण दोघंही कधी घ्यायचो नाही, 'आपलं गाव' म्हणायचो. आपल्या प्रोफेसरांना ते कळलं तेव्हा ते म्हणाले, दोन मराठी माणसांनी परस्पर ब्राझीलमध्ये गाव वसवलं म्हणजे कमाल आहे.

तू दर वर्षी तिथे जाऊन पायी फिरायचीस. मी इथे बसून जुने कागदी नकाशे आणि नवे उपग्रहाचे फोटो एकावर एक बसवायचो. मधलं जुनं गाव पाटीवर आखल्यासारखं होतं. चर्चसमोर मैदान, त्याच्या चारी अंगांना काटकोनात रस्ते, पावलापावलावर चौक. तिथे कुठूनही कुठे जायला दहा वाटा. मग गाव ओढ्यापलीकडे गेलं. एकाने शेत घेऊन प्लॉट पाडले, शेजारच्या शेतात दुसऱ्याने पाडले. दोघांनी आपापले रस्ते आखले आणि कुंपणाशी आणून सोडून दिले. चौक कमी झाले, तिठे वाढले, बंद गल्ल्या त्याहून वाढल्या. मग हायवे आला. हायवेच्या कडेला सरकारी घरांच्या रांगा आल्या, आणि सगळ्यात बाहेर उंच भिंतींच्या श्रीमंत वसाहती, ज्यांना एकच फाटक आणि फाटकात पहारेकरी.

रस्ते एकमेकांशी किती जोडलेले आहेत ते मोजायची माझ्याकडे सूत्रं होती. तुझ्याकडे विरजण होतं. नकाशा टेबलावर पसरायचीस, पाठीला पाठ लागलेली दोन घरं दाखवायचीस आणि म्हणायचीस, "ह्या बाईचं विरजण संपलंय. तिच्याकडून आणायचंय. बोट चालव." मग मी पेन खाली ठेवून बोटाने चालायचो. घरातून निघून गल्लीच्या तोंडाशी, तिथून मोठ्या रस्त्याला, वळसा घालून पुढच्या गल्लीत. जुन्या गावात बोट दोन वळणांत पोचायचं. बाहेरच्या वस्त्यांत ते हायवेला लागायचं, कधी नकाशाच्या कडेवरून टेबलावर उतरायचं. तू म्हणायचीस, "दूध नासलं बघ तोवर." बोट उचलायचं नाही हा नियम होता. भिंत आली की थांबायचं, परत फिरायचं. मी घाईत एखादी भिंत ओलांडली की हातावर चापट बसायची. "तुला पंख फुटलेत का?"

आपलं भांडण जुनंच होतं. मी म्हणायचो, शहर वाढताना आधी फाटतं, मग भरून येतं. मधल्या मोकळ्या जागा भरतात, अर्धवट सोडलेले रस्ते पुढे जाऊन मिळतात. थोडी वर्षं जाऊ दे, बाहेरचा पट्टाही जुन्या गावासारखा होईल. तू म्हणायचीस, "फाटलेलं आपोआप शिवलं जातं होय रे? तुझी आई शिवायची तुझी चड्डी, का ती आपली आपण शिवायची?" मी चिडायचो. मी आकडे दाखवायचो. तू तुझी वही दाखवायचीस.

त्या वहीवर यायलाच हवं.

हिरव्या पुठ्ठ्याची, रबरबँड लावलेली. फील्डमधल्या नोंदी तू मराठीत लिहायचीस. उन्हात उभं राहून जर्मन सुचत नाही म्हणायचीस. संस्थेत त्यावरून चेष्टा व्हायची, पण चालून जायचं, कारण मी होतो. तुझ्या नोंदी वाचून संगणकात घालणं माझं काम होतं. त्या अख्ख्या इमारतीत तुझ्याशिवाय ते अक्षर वाचू शकणारा मी एकटा होतो.

संगणकाचा एक दोष आहे, तो इथल्या वाचकांना सांगायला हवा. नकाशावर दोन रेघा एकमेकींना छेदून गेल्या की त्याला तिथे चौक दिसतो. एक रस्ता पुलावरून जातो आणि दुसरा त्याच्या खालून, दोघांची भेटच होत नाही, हे त्याला आपलं आपण कळत नाही. तिथे जाऊन आलेल्या माणसाने सांगावं लागतं. तू वहीत सांगायचीस आणि मी एकेक खोटा चौक पुसत जायचो. त्या वर्षी अहवालाची मुदत जवळ आली होती, माझ्या बायकोला, मानसीला सातवा महिना होता, आणि माझं कॉन्ट्रॅक्ट चार महिन्यांत संपणार होतं. संपलं असतं तर व्हिसाही गेला असता. वहीची शेवटची पानं मी घातली नाहीत. नंतर घालू म्हटलं. यादीत मात्र 'पूर्ण' अशी खूण केली.

त्या शेवटच्या पानांत नेउझाबाईची वस्ती होती.

सरकारी घरांची रांग, हायवेच्या भरावाला चिकटून. वरून एक मोठा रस्ता लांबलचक पुलावरून हायवे ओलांडून जातो आणि ही वस्तीही ओलांडून पलीकडच्या श्रीमंत वसाहतीत उतरतो. बस त्यांच्या डोक्यावरून जाते. पुलाला जिना नाही. हायवेपलीकडे दवाखान्याची पाटी घरातून दिसते, आणि तिथे पोचायला हायवेच्या कडेने थेट पुढच्या वळणापर्यंत चालत जाऊन परत यावं लागतं. नेउझाबाईच्या पायाला साखरेची जखम होती, एक दिवसाआड ड्रेसिंग. तू तिच्याबरोबर एकदा चाललीस. परत आल्यावर तिच्या स्वयंपाकघरात बसून तिला दही लावून दाखवलंस, आणि तिने विचारलं, दूध मुद्दाम का बिघडवता? हे तू मला इतक्यांदा हसत सांगितलंयस. तिची कॉफी म्हणजे पाक असायचा, हेही.

अहवाल त्या शहराच्या पालिकेला गेला. पुलांना कुठे कुठे जिने आणि उतार बांधायचे, ते त्यावरून ठरायचं होतं. आपल्या नकाशात नेउझाबाईच्या दारात चौक होता. जिथे चौक आहे तिथे जिना कशाला?

अहवाल गेल्यावर एकदा कॉफी मशीनपाशी तू सहज विचारलंस, "ते पुलाचं घेतलंस ना रे?" मी म्हटलं, घेतलं. मग जाग्यावर येऊन पाहिलं. घेतलं नव्हतं. त्या क्षणी मी तुझ्या खोलीत आलो असतो तर ती नुसती चूक राहिली असती. आपण दोघांनी मिळून निस्तरली असती, तू मला चार शिव्या घातल्या असत्यास. मी आलो नाही. मी हिशेब मांडत बसलो की पुढच्या बुधवारी प्रोफेसर माझ्या कायम नोकरीचा कागद पुढे पाठवणार आहेत, आणि तोवर गप्प बसलं तर काय बिघडतंय.

आणि बुधवारच्या आधीच्या सोमवारी सेमिनार होता. पडद्यावर नकाशा लागला, मी बोलत होतो की बघा, बाहेरचा पट्टाही आता जोडला जाऊ लागलाय. तू मागून उठलीस. "तिथे चौक नाहीये," म्हणालीस. "पूल आहे. मी खाली उभी राहिले आहे."

प्रोफेसर म्हणाले, "आल्झो, तर मग वहीत असेल. सतीश, तुम्हीच बघा, तुम्हालाच वाचता येतं."

वही माझ्या समोरच्या टेबलावर होती. मी रबरबँड काढलं, पानं उलटली. ते पान मला उघडावं लागलंच नाही, आपोआप उघडलं, तिथे तू बसचं तिकीट ठेवलं होतंस. तुझं तिरकं अक्षर: 'पूल. चौक नाही. जिना नाही. नेउझाबाई रोज बस बघते, चढता येत नाही.' मी ते वाचलं. मग मान वर केली आणि जर्मनमध्ये म्हणालो, "नाही. या ठिकाणाबद्दल इथे काही लिहिलेलं नाही."

तू माझ्यापासून चार खुर्च्यांवर होतीस. चार पावलं पुढे येऊन वही ओढून घेतली असतीस तर झालं असतं. तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "असं होय. मग माझ्याकडून राहिलं असेल." आणि खाली बसलीस.

"गेनाऊ, बरोबर," प्रोफेसर म्हणाले आणि पुढची स्लाइड मागितली.

माझा कागद बुधवारी गेला. तुझं कॉन्ट्रॅक्ट वर्षअखेरीला संपलं, ते वाढवलं नाही. कारण कुणी लिहून देत नाही, पण फील्डच्या नोंदी भरवशाच्या नाहीत एवढं वाक्य कॉरिडॉरमधून फिरलं, तिथून कुणाच्या तरी नवऱ्याकडून मंडळात आलं, आणि गणपतीच्या आरतीपर्यंत त्याचं 'वेंधळी' झालं होतं. मी तिथेच उभा होतो, हातात टाळ घेऊन. तू फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे इथल्या प्रौढांच्या शाळेत, परदेशी लोकांना जर्मन शिकवायला लागलीस. विचारलं की म्हणायचीस, "बरं झालं, विमानाचा कंटाळा आला होता."

आर्या झाली तेव्हा तू पहिली आलीस. डिंकाचे लाडू आणि जॅमची बाटली घेऊन. तिला मांडीवर घेतलंस आणि मला म्हणालीस, "आता तरी वेळेवर जेवत जा." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

ताई, मी तुला इतकी वर्षं मनात एक प्रश्न विचारतोय आणि तो रागाचा आहे. तू वही का ओढून घेतली नाहीस? मला वाचवलंस, ते कळतं. मानसीचं पोट तुला दिसत होतं, माझा व्हिसा तुला माहीत होता. पण नेउझाबाईही तुला माहीत होती. तिच्या पायाची जखम तू पाहिली होतीस. तिच्यापेक्षा मी जवळचा, सांगलीचा, म्हणून? उपकार करून तू मला असं बांधून ठेवलंस की तुझ्याशी भांडायचीही सोय उरली नाही. आपलं ते रस्त्यांचं भांडणसुद्धा त्या दिवशी बंद पडलं. मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही, आणि तूही नाही.

म्हणजे, एकदा काढलास.

मार्चमध्ये मी हॉस्पिसमध्ये आलो होतो. दुपारी चारचं ऊन तुझ्या पांघरुणावर पडलं होतं. तुझी लेक लेना खिडकीशी बसून फोनवर काहीतरी भरत होती, क्रांकनकासेचा, आरोग्य विम्याचा फॉर्म. तू फार बारीक झाली होतीस, पण आवाज तोच. लेनाला म्हणालीस, "माझा नकाशा दे गं." तिने नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये विचारलं, कुठला, आणि नेहमीप्रमाणे बरोबर तोच काढून दिला. आपलं गाव. घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेला.

तो तू पांघरुणावर पसरलास. "चल," म्हणालीस. "नेउझाबाईच्या घरून दवाखान्यात जा. बोट चालव."

मी लेनाकडे पाहिलं. ती फोनमध्येच होती. मी बोट ठेवलं. वस्तीच्या रस्त्याने चालत पुलापाशी आलो. तिथे तू पेन्सिलने काही केलेलं नव्हतंस, फुली नाही, खूण नाही, नुसत्या दोन रेघा एकमेकींवरून गेलेल्या. मला थांबायला हवं होतं. थांबून एवढंच म्हणायला हवं होतं की इथून जाता येत नाही. तू त्याचीच वाट बघत होतीस. माझं बोट त्या छेदावर वळलं, मोठ्या रस्त्याला लागलं आणि सरळ दवाखान्यात गेलं.

"पोचलास?"

"पोचलो."

"लवकर पोचलास रे," तू म्हणालीस, आणि नकाशा जुन्या घड्यांवर नीट घडी करून उशाशी ठेवलास. मग लिंबूपाणी मागितलंस. मी जाताना माझ्या हातावर हळूच चापट मारलीस. मला ती माया वाटली, म्हणजे तशी ती वाटावी असं मी ठरवलं. नवव्या दिवशी लेनाचा फोन आला.

अंत्यविधीनंतर लेना पायऱ्यांवर मला भेटली. तिच्या हातात कापडी पिशवी होती. "मामा, दास इस्ट फ्यूर डिश," म्हणाली, हे तुझ्यासाठी. "आईने सांगितलं होतं तुला द्यायला." 'मामा' आणि 'आई' एवढेच शब्द मराठी. पिशवीत नकाशा होता आणि वही. वही संस्थेत कपाटात असायला हवी होती. तू जाताना घेऊन गेलीस आणि मी कधी शोधली नाही, कारण ती सापडू नये असंच मला वाटत होतं. बसचं तिकीट त्याच पानात आहे.

मी मानसीला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी आणलेले लाडू मी आवडीने खाल्ले रे." एवढंच. ती अजून माझ्याशी मोजकंच बोलते.

मग तू गेल्याचं कळवायला मी रेजिनाला लिहिलं, पालिकेच्या नकाशा विभागात आपलं काम जिच्याकडे असायचं तिला. पत्राचा शेवट जमेना, म्हणून सरळच विचारलं, तिथे पुढे काय झालं, नेउझाबाई कशा आहेत, जिना कधी झाला का. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी विचारला नव्हता. चूक केली ती घाईने, पण न विचारणं मी रोज नव्याने करत आलो. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

आठवडाभराने उत्तर आलं. जिना नाही. वस्ती अजून आहे, वाढली आहे, तिच्यामागे आणखी एका वसाहतीची भिंत आली आहे, त्यामुळे पूर्वीचा शेतातला आडमार्गही बंद झाला. नेउझाबाईचा पाय घोट्यापासून काढावा लागला. त्या आता बहिणीकडे दुसऱ्या गावात असतात. रेजिनाने लिहिलं होतं की पाय कशामुळे गेला ते कुणी सांगू शकणार नाही, साखर होतीच, पण त्या ड्रेसिंगला नीट जाऊ शकत नव्हत्या हे सगळ्यांना माहीत होतं.

खाली आणखी एक ओळ होती. 'तुमच्या सहकारी बाईंनी त्याच वर्षी आम्हाला पत्र पाठवलं होतं. तिथला चौक खरा नाही, माझ्याकडून नोंद करायची राहिली, कृपया दुरुस्त करा, असं. नंतर दर वर्षी पाठवायच्या. पण आमच्या नियमाप्रमाणे दुरुस्ती संस्थेकडून, नकाशावर सही करणाऱ्या माणसाकडून यावी लागते.'

सही माझी आहे, ताई.

म्हणजे तू वही ओढून घेतली नाहीस, पण गप्पही बसली नाहीस. माझं नाव बाजूला ठेवून, स्वतःला वेंधळी म्हणवून घेऊन, दर वर्षी त्या एका जिन्यासाठी लिहीत राहिलीस, आणि तो माझ्याच सहीपाशी अडत राहिला. माझा तो रागाचा प्रश्न मी मागे घेतो. तुझ्यावर रागावून मला बरं वाटायचं, तेही मागे घेतो.

गेल्या सोमवारी मी नव्या संचालकबाईंकडे गेलो, वही घेऊन. जुने प्रोफेसर निवृत्त झालेत, त्यांना फोन केला. त्या पानाचा मी शब्दशः जर्मन अनुवाद केला, खाली सही केली, आणि सेमिनारमध्ये काय घडलं तेही लिहिलं, वही कुणी वाचली आणि काय सांगितलं ते. संचालकबाईंनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, "तुम्हाला कल्पना आहे ना, ह्याचं पुढे काय होईल?" मी म्हटलं, "हो." पुढे काय ते ठरायचं आहे. त्या नकाशावर मी छापलेला निबंध मागे घ्यावा लागेल, नोकरीचं त्यांची समिती बघेल. मी वाट बघतोय, आणि खरं सांगायचं तर झोप लागते आहे.

दुरुस्त नकाशा त्याच दिवशी पाठवला. रेजिना म्हणते, जिन्यांची नवी यादी या वर्षी व्हायची आहे, त्यात घालता येईल, होईलच असं नाही. नेउझाबाईंना त्याचा उपयोग नाही. त्यांच्या रांगेतल्या इतर बायकांना होईल.

नकाशा दुरुस्त करताना मी सगळेच छेद पुन्हा एकेक पाहिले, तुझी वही शेजारी ठेवून. माझ्या हातून राहिलेला चौक तो एकटा नव्हता. ते सगळे पुसल्यावर बाहेरचा पट्टा फाटलेलाच दिसतो. हायवेच्या बाजूला तू बरोबर होतीस, तिथे काहीही आपोआप शिवलं गेलेलं नाही, उलट नव्या भिंतींनी आणखी उसवलंय. पण ओढ्याच्या पलीकडचा मधला पट्टा बघ, ताई. तिथल्या बऱ्याच बंद गल्ल्या पुढे जाऊन मिळाल्यात, त्या खऱ्या मिळाल्यात, मी तपासलंय. तिथे माझंही थोडं बरोबर आहे. लगेच म्हणशील, "कुणी मिळवल्या? आपोआप मिळाल्या?" वहीत तूच लिहिलंयस, लोकांनी अर्ज केले, कुंपण तोडलं, पालिकेच्या दारात बसले. बरं. सुई कुणीतरी हातात घेतली. तेवढंही तुझं.

हे ऐकायला तू हवी होतीस. भांडण पुन्हा सुरू करायला माझ्याकडे आता खरा नकाशा आहे, आणि समोरची खुर्ची रिकामी.

इथे अस्थी घरी देत नाहीत, तुला ठाऊकच आहे. कलश जमिनीत जातो, नियमाने, ठरलेल्या तारखेला. भावोजी म्हणाले, कराडच्या संगमावर जायचं तुझं मन होतं, पण कागदपत्रांचं लेनाला झेपलं नाही. कलश ठेवायच्या दिवशी मी जाईन. हा अंक तोवर छापून आला असेल. मंडळातले लोक तिथे असतील, त्यांनी तोवर हे वाचलेलं असेल, आणि मला त्यांच्यात उभं राहायचं आहे. तुझ्याबद्दलचा तो शब्द कुणी पुन्हा उच्चारणार नाही. माझ्याबद्दल जो उच्चारतील तो मी ऐकेन.

आज रविवार. दही लावायला घेतलं होतं. तुझ्याच विरजणाचं विरजण, इतकी वर्षं मोडलेलं नाही. दूध कोमट होईपर्यंत मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुझा नकाशा पसरला आणि नेउझाबाईच्या दारावर बोट ठेवलं. वस्तीच्या रस्त्याने पुलापर्यंत आलो. थांबलो. वरून मोठा रस्ता जातोय. दवाखाना समोर आहे, बोटभर अंतरावर. जिना नाही. मग वळलो. हायवेच्या कडेने निघालो, भरावाला धरून, पेट्रोल पंप मागे पडला, त्यानंतर वसाहतीची भिंत सुरू झाली, ती संपेचना. पुढचं वळण नकाशाच्या घडीपलीकडे आहे, तुझ्या चिकटपट्टीच्या खाली.

आतून मानसीने विचारलं, दूध निवलं का?

अजून पोचलो नाही, ताई. बोट उचललेलं नाही.